हुमाचे पाय

दुरुस्त करायचं राहून गेलं, हे सुंदरराव वकिलांच्या लक्षात आलं तेव्हा ते तालुकदारसाहेबांच्या बंगल्यापासून बरेच पुढे, थेट बाजारात, अत्ताराच्या दुकानासमोर पोचले होते. लक्षात आलं आणि पाय जागच्या जागी थांबले. मागून डोक्यावर सीताफळांची पाटी घेऊन येणारी बाई त्यांच्या पाठीवर आदळली, दोन पिकली सीताफळं काळ्या शेरवानीवर फुटली आणि बाई करवादली, "आवं, भर रस्त्यात कावून उभे ऱ्हायले?" 'कावून' नव्हे, 'का' म्हणावं, 'ऱ्हायले' नव्हे, 'राहिलात'. ही दुरुस्ती सुंदररावांच्या जिभेवर सवयीनं आली आणि आल्या पावली परत गेली. पांढरा गर बाहीवरून ओघळत होता, माशा जमू लागल्या होत्या आणि बीडच्या अदालतीतला हा नामांकित वकील अत्ताराच्या दुकानासमोर उभा राहून स्वतःशीच म्हणत होता, आपण गप्प बसलो. आपण! गप्प!

ह्यात नवल एवढं काय, असं परक्या माणसाला वाटेल. बीडच्या माणसाला वाटलं नसतं. सुंदरराव गेवराईकडचे देशमुख, लहानपणी मौलवीसाहेबांच्या हाताखाली फारसी घोटून घोटून शिकलेले, आणि त्या शिक्षणानं त्यांना वकिली दिली तशी एक खोडही दिली. चुकीचा शब्द कानावर पडला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढचं ऐकूच येत नसे. विरुद्ध बाजूचा वकील तावातावानं बोलत असला तरी हे मध्येच हात वर करून त्याचा उच्चार सुधारत. एकदा तर मुन्सफाचीच दुरुस्ती केली आणि हातातला मुकदमा घालवून हसत हसत घरी आले. मुकदमा गेला पण शब्द तर जागेवर बसला, म्हणाले. न्हावी त्यांची दाढी करताना तोंडातून अवाक्षर काढत नसे. त्यात घमेंड होती म्हणावं तर तीही फारशी नव्हती. पोराच्या पायात काटा दिसला की आईला काढल्याशिवाय चैन पडत नाही, तेवढाच त्यांचा जीव त्यात तळमळे. आणि आज साक्षात अव्वल तालुकदारांच्या तोंडून चुकीचा शब्द निघाला, चांगला घसघशीत चुकीचा, आणि सुंदररावांनी मान खाली घालून तो तसाच जाऊ दिला होता.

झालं होतं ते एवढंच. जिल्ह्याचा कारभार हाकायला हैदराबादेहून नुकतेच आलेले हे तालुकदारसाहेब दोन गोष्टींचे शौकीन होते, फारसी शायरी आणि बंदूक. एक वकील दर जुम्म्याच्या सुट्टीला दमणी जुंपून, तीन पायांची एक पेटी घेऊन पालीच्या पलीकडच्या माळावर जातो, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी बोलावणं धाडलं. पानाचा विडा पुढे करत साहेबांनी विचारलं, "वकीलसाब, उस माल पर शिकार के लायक क्या है?" तितर म्हणायचं, ससे म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण सरकारदरबारी विचारलेल्या सवालाला खोटं उत्तर द्यायची सवय नसल्यामुळे सुंदररावांच्या तोंडून निघून गेलं, "सरकार, हूम है." निघालं आणि त्यांनी जीभ चावली. हूम म्हणजे माळढोक. कमरेएवढा उंच, दोन माणसांचं पोट भरून उरेल असा, शिकाऱ्यांचा जीव की प्राण. आता हा साहेब जाणार आणि त्याला लोळवून आणणार. पण साहेबांचा विड्याचा हात वाटेतच थांबला होता. डोळे मोठे झाले होते. "हुमा?" ते जवळजवळ कुजबुजले. "यहां? हमारे जिले में, हुमा?"

हुमा म्हणजे फारसी शायरांचा लाडका राजपक्षी. त्याची सावली ज्याच्या डोक्यावर पडते तो बादशहा होतो. त्याला पाय नसतात म्हणे, म्हणून तो जन्मभर उडतच राहतो, जमिनीला कधी टेकत नाही. आणि जो त्याला मारतो त्याचं वर्ष काही धड जात नाही. सुंदररावांनी हे सगळं मौलवीसाहेबांकडे छड्या खाऊन पाठ केलेलं होतं. त्यांना फक्त इतकंच म्हणायचं होतं, की सरकार, पहिला उकार दीर्घ करा आणि शेवटचा काना पुसा. जीभ उचललीही होती. पण साहेबांनी तेवढ्यात कोपऱ्यातल्या बंदुकीकडे नजर टाकली आणि स्वतःचे कान पकडले. "तौबा! हम तो वहीं हांका लगवाने वाले थे. हुमा पर बंदूक कौन उठाए!" मग वकिलासारखेच बारीक डोळे करून म्हणाले, "मगर तस्वीर लाइए, वकीलसाब. सुना है आपके पास दूर की ऐनक है. इस जुम्मे को तस्वीर उतारिए. हुमा निकला तो उस माल पर कोई बंदूक नहीं जाएगी. नहीं निकला, तो अगले जुम्मे हम खुद जाएंगे." सुंदररावांनी कुर्निसात केला आणि ते बाहेर पडले. शेरवानीवरचा गर आता वाळून कडक झाला होता आणि घर जवळ आलं होतं, पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हूम हा शब्द आपल्या तोंडात आलाच कसा? आपण तर जन्मभर माळढोक म्हणत आलो. माळढोक हाच शिष्ट शब्द, असं इतरांना ऐकवत आलो.

ती दूरची ऐनक, म्हणजे वकिलांचं ते लांब भिंग, मोमिनाबादच्या छावणीतून आलं होतं. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या कप्तानाच्या सामानाचा हर्रास होता. सुंदरराव तिथं एका कामासाठी गेले होते आणि सतरंज्या, खुर्च्या, घोड्याची जिनं ह्यांच्यामध्ये पितळेची ती लांब नळी पडलेली होती. लोकांना ती दुर्बीण वाटली, तर त्यातून नीट काही दिसेना म्हणून कुणी बोली लावेना. तिच्यासोबत लाकडी कॅमेरा होता, तिवई होती, काळं कापड होतं. सुंदररावांनी कापडात डोकं घातलं, नळी समोरच्या चिंचेकडे वळवली, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या धूसर काचेवर एक होला उतरला. उलटा. चिंचेची फांदी वर, होला खाली डोकं करून लटकलेला, पण इतका जवळ की गळ्यावरची ठिपक्यांची पट्टी वाचता यावी. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस काळ्या कापडात गुदमरून हसायला लागला. होल्याची दुरुस्ती करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. एवढा निरोगी आनंद त्यांना कोणत्याही मुकदम्यात झाला नव्हता, आणि तेव्हापासून दर जुम्म्याला ते माळावर जाऊ लागले.

फोटो मात्र कधी धड आला नाही. लांब भिंग उजेड कमी पितं, काचेला बिंब धरायला वेळ लागतो, आणि पाखरू काही वकिलासाठी श्वास रोखून बसत नाही. वारा सुटला तर नळी थरथरते, बैलानं शेपूट हाणलं तर दमणी हलते, दमणी हलली की तिच्यावर रोवलेली तिवई हलते. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी चौकटी करून लावलेल्या चित्रांत एक काळा डाग होता, तो ससाणा. एक करडा डाग होता, तो धाविक. एका चित्रात नुसतंच आभाळ होतं. त्यात चंडोल होता, पण तो काच उघडायच्या आत निघून गेला होता. पक्षकार यायचे, चित्रांकडे बघायचे, वकिलाकडे बघायचे, आणि आपलं काम बरं म्हणून कागद पुढे करायचे. केसरबाई, म्हणजे वकिलांचं कुटुंब, त्या तर पाहुण्यांना म्हणायच्या, "ह्यो ससाणा हाय. बसलेला न्हाई दिसत, उडलेला न्हाई दिसत, पर हाय." आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, "पर नव्हे, पण. न्हाई नव्हे, नाही."

केसरबाई. घराच्या पायरीवर पाय ठेवताच सुंदररावांना उमगलं की हूम हा शब्द कुठून आला. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. दिंद्रुडच्या शेतकऱ्याची ती लेक, चुणचुणीत, बोलकी, रात्री जेवणं झाल्यावर माहेरच्या रानाच्या गोष्टी सांगायची. एकदा तिनं रिकामी घागर मांडीवर घेतली, तोंड घागरीच्या तोंडाशी नेलं आणि खोल, घुमणारा आवाज काढला. हूम्म. भांडी थरथरली. "आमच्या रानात हूम असा बोलतो. लई लांबून ऐकू येतं. दादा म्हणायचे, मातीच बोलायली." तिचे डोळे चमकत होते. आणि सुंदरराव, पंचविशीतले, ताजे ताजे वकील, काय म्हणाले? म्हणाले, "हूम हा गावंढळ शब्द झाला. त्याला माळढोक म्हणावं." तिनं घागर खाली ठेवली. नंतरही ती बोलायची, हसायची, थट्टा करायची, त्यात खंड पडला नाही, तिचा स्वभावच कुढायचा नव्हता. पण घागर पुन्हा मांडीवर आली नाही. आणि तो आवाज इतकी वर्षं सुंदररावांच्या छातीत कुठंतरी दडी मारून बसला होता आणि आज तालुकदारासमोर, नको तेव्हा, तिच्या शब्दासकट बाहेर पडला होता. पायरीवर उभ्या उभ्या त्यांना एकाच वेळी लाज वाटली आणि गंमतही वाटली. केसरबाई दारात आल्या, शेरवानीकडे पाहून म्हणाल्या, "सीताफळ खाल्लं का नेसलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. साहेबाची बंदूक, हुमा, बादशाही सावली, आणि आपण गप्प बसलो तेही. केसरबाईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न नेमका विचारला. "हुमाला पाय नसत्यात म्हन्ता. मग फोटूत पाय दिसले तर?" सुंदरराव खुर्चीत ताठ झाले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाय दिसले तर हुमा खोटा, वकील खोटा, आणि पुढच्या जुम्म्याला शिकारीचा हांका. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा चांगला फोटो काढायची वेळ आली तीही अशी, की तो फार चांगला येऊन चालणार नाही. "गवतात उभा असेल तेव्हाच काढायचा," ते म्हणाले. "गुडघाभर गवत आहे सध्या. पाय झाकलेले राहतील." केसरबाई म्हणाल्या, "मी बी येते." आजवर त्या कधी आल्या नव्हत्या. "तू कशाला? ऊन आहे, कुसळं आहेत." "तुमी फोटू काढताव का डाग काढताव ते बगायला," केसरबाई म्हणाल्या, आणि 'काढताव'ची दुरुस्ती करायचं सुंदररावांच्या मनातसुद्धा आलं नाही, इतके ते हबकले होते.

जुम्मा उजाडला. बंकट गाडीवानानं दमणी जुंपली. हूम माणसाला लांबून ओळखतो आणि लांब टांगा टाकत पसार होतो, पण बैलगाडी त्याच्या ओळखीची. गाडी माळावर येते जाते, त्याला तिचं काही वाटत नाही. म्हणून कॅमेरा दमणीतच उभा करायचा, वर गवताचे भारे रचायचे आणि भाऱ्यांच्या फटीतून नळी बाहेर काढायची, अशी वकिलांची रीत होती. ह्या खेपेला भाऱ्यांमध्ये केसरबाईही होत्या आणि त्यांच्यासोबत धपाटे, दह्याचं गाडगं आणि पाण्याची घागर होती. बिंदुसरेचं पाणी ओलांडलं, पालीची शेतं मागे पडली, आणि माळ सुरू झाला. दसऱ्याच्या आधीचा माळ. गवत पिवळं पडायच्या बेतात, वर कोवळी कुसळं, मध्येच काळ्या खडकाच्या सपाट लाद्या, आणि ह्या सगळ्यावर एवढं मोठं आभाळ की अदालतीत झुकलेल्या मानेला ते सुरुवातीला दुखतंच. सुंदररावांना नेहमी वाटायचं, इथं आलं की आपलं वय उतरतं. आज मात्र तसं होईना. आज त्या पाखराचा जीव आपल्या हातात आहे, आणि ह्या हातांनी आजवर नुसते डाग काढलेत.

फोटो धरायच्या तीनच काचा सोबत होत्या. पहिली केसरबाईंच्या हसण्यानं गेली. गवतात मान वर करून उभा राहिलेला हूम समोर दिसला, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि केसरबाई फसकन हसून म्हणाल्या, "आगं बया, ह्यो तर मुन्सफच." दमणी हलली. दुसरी काच बंकटनं घालवली. त्याला दम धरून बस म्हणावं तर तो मालकाला धीर द्यायला मागे वळला, "मालक, भिऊ नगा, म्या बैलाला सांगितलंय," आणि नेमकं तेव्हाच बैलानं मान हलवली. आता एकच काच उरली होती. तोवर हूम दूर जाऊन कुसळीत दडला होता. दिसत होतं फक्त डोकं, अधूनमधून. ऊन चढत होतं. काळ्या कापडात सुंदररावांचा घाम टपटप गळत होता आणि त्या अंधारात त्यांना काय काय दिसत होतं. साहेबाच्या ताटातली हूमाची तंगडी. मौलवीसाहेबांची छडी. दिव्याच्या उजेडात घागर मांडीवर घेऊन बसलेली वीस वर्षांची पोरगी, तिचे ते डोळे. पुढच्या जुम्म्याला माळ असाच असेल, कुसळं अशीच डुलतील, आणि त्यांच्यात ते डोकं वर येणार नाही. हे त्यांना लख्ख जाणवलं. कापडातूनच ते म्हणाले, "केसर." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तिला बंकटसारख्यासमोर नावानं हाक मारली नव्हती. "केसर, ती घागर... तो आवाज काढ ना. हूमाचा."

केसरबाईंच्या बांगड्या वाजल्या. मग घागरीतलं पाणी बाहेर ओतल्याचा आवाज आला, बंकट हळहळला, आणि दमणीच्या फळ्यांतून सुंदररावांच्या तळपायांना आधी कळलं, कानाला नंतर. हूम्म. माती बोलली. पुन्हा, हूम्म. गवतातलं डोकं उभं राहिलं. आपल्या माळावर हा दुसरा कोण नर आला, असा त्याचा अगदी सात्विक संताप झाला असावा. तो निघाला. भर दुपारी मालकी हक्काचा दावा सांगायला निघालेल्या पाटलासारखा, छाती पुढे, एकेक पाऊल मोजून टाकत. सुंदररावांनी भिंग फिरवलं, आणि धूसर काचेवर तो उलटा उतरला. वर कुसळी, तिच्यातून खाली लोंबणारी पांढरी मान, आणि त्याहून खाली अथांग आभाळ. पाय गवतात बुडालेले. हाच क्षण. हवा तसा, बिनपायांचा. काच सरकवली, फोटो टिपायचा रबरी गोळा मुठीत घेतला. दाबायचा. दाबायचाच. आणि सुंदररावांनी दाबला नाही. उजेड जरा कमी वाटतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. वकील असल्यामुळे ते स्वतःलाही पटण्यासारखं सांगू शकत. खरं वेगळंच होतं. अजून एक पाऊल, मग तो पूर्ण दिसेल, सगळा, डोक्यापासून नखापर्यंत, जसा आहे तसा. हूम गवतातून बाहेर आला आणि काळ्या लादीवर चढून उभा राहिला. वारा पडला. बैल शहाण्यासारखे उभे राहिले. केसरबाईंनी घागरीवर तोंड तसंच ठेवलं होतं. माळावर त्या घडीला काहीच हलत नव्हतं आणि सुंदररावांनी गोळा दाबला.

मग दह्याचं गाडगं कलंडलं, बंकट "आयो" म्हणाला, आणि हूम पंख पसरून उठला. एवढ्या वजनाचं पाखरू जमिनीवरून उठतं तेव्हा आधी विश्वासच बसत नाही. तो दमणीच्या वरून गेला, पंखांचा सपसप आवाज करत, आणि त्याची सावली भाऱ्यांवरून, बैलांवरून आणि भाऱ्यांतून डोकं बाहेर काढून वर बघणाऱ्या केसरबाईंच्या डोक्यावरून सर्रकन निघून गेली. सुंदरराव काळ्या कापडातून बाहेर आले ते घामानं भिजलेले आणि पोरासारखे हसत. "पाय दिसले का वं?" केसरबाईंनी विचारलं. हसू मावळलं. "दिसले," ते म्हणाले.

घरी धान्याची कोठी बंद करून, कंदिलाला लाल खण गुंडाळून सुंदररावांनी काच औषधात बुडवली तेव्हा केसरबाई शेजारी उभ्या होत्या. हळूहळू काच काळवंडत गेली. नंतर ती धुऊन, वाळवून, उन्हात कागदावर छापली, आणि कागदावर हूम उभा राहिला. डाग नव्हता. पाखरू होतं. डोक्यावरची टोपी, छातीवरचा काळा पट्टा, डोळ्यातला रागसुद्धा. आणि पाय. काय पाय होते! लांब, पिवळसर, गुडघ्याची गाठ स्पष्ट, आणि काळ्या खडकावर एकेक बोट मोजून घ्यावं असं पसरलेलं. "लई ग्वाड आलाय," केसरबाई म्हणाल्या. पण हूमाला मारायला हाच कागद पुरेसा होता. केसरबाईंनीच तोड काढली. काचेचा खालचा भाग काळ्या कागदानं झाकायचा आणि तेवढाच छापायचा. छापला. पोटाखाली काही नाही, हूम हवेत तरंगतोय. सुंदररावांनी तो उन्हात धरून पाहिला. त्यांना तो उतरंडीवरच्या मडक्यासारखा दिसला. पण ह्या मडक्यानं जीव वाचणार होता, तेव्हा त्यांनी तो शेरवानीच्या डाव्या खिशात घातला. आणि पायांसकटचा, कुठं ठेवावा ते न सुचून, उजव्या खिशात घातला.

तालुकदारसाहेबांनी ह्या खेपेला विडा आधी दिला नाही. "तस्वीर?" त्यांनी हात पुढे केला. बंदूक कोपऱ्यात तेल लावून चकचकीत केलेली होती. डावा खिसा, सुंदररावांनी मनाला बजावलं. डावा. पण तिथल्या कागदात एक चूक होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. एका पाखराला होते ते पाय त्यांनी पुसले होते. जन्मभर ज्या हातानं दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्या हाताला स्वतःची चूक दुसऱ्याच्या हवाली करता येईना. हात उजव्या खिशात गेला. कागद साहेबांच्या हातात पडल्यावरच सुंदररावांना कळलं की आपण काय केलं.  संपलं, त्यांना वाटलं. आपल्या खोडीनं शेवटी जीव घेतला.

साहेब बघत राहिले. मग त्यांनी मेजावरचं भिंग घेतलं आणि कागदावर वाकले. पायांपाशीच वाकले. "पंजे," ते म्हणाले. सुंदररावांनी डोळे मिटले. "एक, दो, तीन." साहेबांनी पुन्हा मोजले, दुसऱ्या पायाचे. मग ते उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर कुंपणावरच्या कावळ्याला बराच वेळ न्याहाळलं आणि सावकाश मागे वळले. "वकीलसाब, कौवे के चार हैं. कबूतर के चार, मुर्गी के चार. पीछे की उंगली सबको होती है. इसको तीन ही हैं. पीछे की है ही नहीं." त्यांचा आवाज भारावलेला होता. "ये मामूली परिंदा नहीं है. ये वही है." सुंदररावांना धीर करून विचारावंच लागलं, "मगर सरकार, किताबों में तो हुमा के पैर..." साहेबांनी हात झटकला. "किताबें गलत हैं! शायरों ने दूर से देखा होगा. उनके पास आपकी ऐनक कहां थी? आज किताबों की दुरुस्ती हो गई, वकीलसाब!" आणि त्यांनी आतल्या शिपायाला हाक मारून बंदूक उचलून आत न्यायला सांगितलं. त्या माळावर आता कुणाचीही बंदूक जाणार नव्हती.

सगळ्या फारसी शायरांची एका फटक्यात दुरुस्ती झाली होती आणि ती धडधडीत चुकीची होती. सुंदररावांच्या घशाशी ते आलं. आलंच. "सरकार," ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून घाबरले. "फर्माइए," साहेब म्हणाले. उकार दीर्घ. काना पुसायचा. एवढंच. सुंदररावांनी आवंढा गिळला. तो गिळताना डोळ्यांत पाणी आलं. "यही, सरकार, कि उड़ते वक्त उसका साया हमारी घरवाली के सर पर पड़ा." साहेबांच्या मिशा हलल्या, आणि ते खदखदून हसले. "साया जिस पर पड़ा, सल्तनत उसकी!" त्या हसण्यात काय होतं, साहेबाला सगळं आधीपासून ठाऊक होतं की काय, ह्याचा सुंदररावांनी घरी येईपर्यंत विचार केला आणि मग सोडून दिला. विडा तोंडात होता, चालताना पाय हलके पडत होते, आणि अत्ताराच्या दुकानासमोरून ते न थांबता गेले.

केसरबाई ओसरीवर सीताफळ फोडून बसल्या होत्या. वकिलांचा चेहरा पाहून त्यांनी अर्धं फळ पुढे केलं. "साहेब म्हणाले, साया ज्याच्यावर पडला, सल्तनत त्याची," सुंदरराव शेजारी बसत म्हणाले. "म्हणजे आजपासून इथं राज्य तुझं." केसरबाईंनी बी बाजूला टाकली. "ते आत्ता कळलं व्हय साहेबाला?" मग हळूच, जीव मुठीत धरून त्यांनी विचारलं, "आन् हूम?" गोड गर तोंडात होता, छाती भरून आली होती, आणि शब्द निवडायची शुद्ध सुंदररावांना राहिली नव्हती. "हूमाला आता कुणी मारनार न्हाई," ते म्हणाले.

केसरबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग आतल्या खोलीतून यायचा तो वकिली आवाज काढून, एक बोट वर करून त्या म्हणाल्या,

"'न्हाई' नव्हे. 'नाही' म्हणावं."